लोकलहोस्ट म्हणजे तूच, मामा

वाचनालयाच्या कार्यकारिणीत सहकार्यवाह हे पद, ज्याला सभेत ‘नाही’ म्हणता येत नाही अशा माणसासाठी राखून ठेवलेलं असतं. अध्यक्ष समारोप करतात, कार्यवाह सह्या करतात, कोषाध्यक्ष पैसे नाहीत म्हणून सांगतात आणि एवढं होऊन जे उरतं ते सहकार्यवाह करतो. वसईतल्या एका वाचनालयाचा मी सहकार्यवाह आहे. त्यामुळे ज्या सभेत ‘पुस्तकांची यादी इंटरनेटवर हवी’ हा विषय निघाला, त्या सभेत चहाचे कप गोळा व्हायच्या आत ते काम माझ्या नावावर चढलं होतं. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून दाखवलं, त्यात ‘सहकार्यवाहांनी ही जबाबदारी आनंदाने स्वीकारली’ असं वाक्य होतं. इतिवृत्त एकमताने मंजूर झालं. माझाही हात वर होता.

माझी पात्रता म्हणाल तर अध्यक्षांच्या मोबाइलवरची अक्षरं मी एकदा मोठी करून दिली होती. तेव्हापासून परिसरात मी ‘कॉम्प्युटरमधला माणूस’. शिवाय मी फुकट होतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्या त्या वर्गाप्रमाणे अनुदान. आम्ही ‘क’ मध्ये. पगार, वीजबिल, नियतकालिकं आणि पुस्तकखरेदी झाली की कोषाध्यक्षांचं ते ठरलेलं वाक्य येतं.

पुस्तकांची माहिती दाखल नोंदवहीत होतीच. पुस्तक आलं की त्याला पुढचा दाखल क्रमांक मिळतो. ते फाटलं, हरवलं, सभासदाच्या बदलीबरोबर नाशिकला गेलं, तरी तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. हा नियम ग्रंथपाल बाई इतक्या कडकपणे पाळतात, की हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने नोंदवहीचे फोटो पाहिले आणि म्हणाला, “मामा, यालाच आमच्यात प्रायमरी की म्हणतात. अर्धं काम बाईंनी करून ठेवलंय. तुला आता फक्त जोडायचंय.”

“काय जोडायचंय?”

“पीएचपी आणि डेटाबेस. हे बघ, माणूस मोबाइलवर पान उघडतो, त्याला डेटाबेस दिसत नाही, दिसूही नये. त्याचं मागणं आधी सर्व्हरवरच्या पीएचपीकडे येतं. पीएचपी डेटाबेसला विचारतं, मिळालेल्या उत्तराचं पान बनवतं आणि त्याला परत पाठवतं. पीएचपीने डेटाबेसला विचारायचं तर आधी जोडणी हवी. होस्ट, युजर, पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव, एवढं लिहायचं. एक ओळ आहे मामा. एकच.”

त्या एका ओळीत माझा अख्खा पावसाळा गेला.

सुरुवात मी स्वाभिमानाने केली. तांत्रिक पुस्तकांचं कपाट आमच्याकडे आहे. त्यातलं पीएचपीवरचं एक जाडजूड पुस्तक मी स्वतःच्या नावावर रीतसर काढलं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्याआधी एकही शिक्का नव्हता. त्याचं कारण लवकरच कळलं. पुस्तकात जोडणीसाठी ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ नावाचं फंक्शन दिलं होतं. ते मी टिंबसुद्धा न चुकवता उतरवून काढलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, असं काही फंक्शनच नाही. मी पुन्हा ताडून पाहिलं. पुस्तकात होतं. मग भाच्याला फोन.

“मामा, ते २०१५ मध्ये पीएचपी सात आलं तेव्हाच काढून टाकलंय. आता मायएसक्यूएलआय वापरतात, नाहीतर पीडीओ. पुस्तक कधीचं आहे?”

पुस्तक कधीचं आहे ते मी सांगितलं नाही. त्या कपाटासाठी अनुदानातून खरेदी करायची शिफारस माझीच होती.

मला वाटलं, एक ‘आय’ वाढवला की झालं. झालं नाही. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या जुन्या फंक्शनला आधी प्रश्न सांगायचा आणि मग जोडणी. नव्याला आधी जोडणी, मग प्रश्न. ही उलटापालट कुणी आणि का केली हे मी शोधायला गेलो नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

तरी लॅपटॉपवर मला यश मिळालं, हे नोंदवून ठेवतो. झॅम्प नावाचं एक पॅकेज मिळतं. त्यात अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल सगळं एकदम येतं. त्यात युजरचं नाव रूट आणि पासवर्ड काहीच नाही, रिकामा. होस्ट, लोकलहोस्ट. ओळ लिहिली आणि पहिल्या फटक्यात जोडणी झाली. त्या आनंदात मी डेटाबेसचा इतिहासही वाचून काढला. मायएसक्यूएल १९९५ मध्ये आलं. ते करणाऱ्यांपैकी मायकेल विडेनियस या फिनलंडच्या गृहस्थांच्या मुलीचं नाव माय, तिच्यावरून पहिला शब्द. पुढे २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल एक अब्ज डॉलरला घेतलं, सनला ओरॅकल घेणार असं ठरलं, आणि या गृहस्थांनी वेगळी चूल मांडून २००९ मध्ये धाकट्या मुलीच्या नावाने मारियाडीबी काढलं. मधल्या मुलाचं, मॅक्सचं, नावही एका डेटाबेसला मिळालेलं होतं. आपल्याकडे मुलीचं नाव बंगल्याला नाहीतर रिक्षाला देतात. हे मी कार्यकारिणीला सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, “आणि यादी?”

यादी होत होती. बाई दुपारी नोंदवहीतून वाचायच्या, मी टाइप करायचो. शंभर पुस्तकं झाली, सव्वाशे झाली, पान झकास उघडत होतं. दीडशे ओलांडले आणि त्याच पानावर ‘टू मेनी कनेक्शन्स’ अशी तक्रार आली. मी शेवटची काही पुस्तकं काढली, पान उघडलं. पुन्हा घातली, बंद. बाई म्हणाल्या, “भाऊ, आपली दीडशेच पुस्तकं इंटरनेटवर मावतात असं अध्यक्षांना सांगायचं का?”

घोडं कुठं पेंड खात होतं ते भाच्याने कोड पाहून सांगितलं. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी, दोन्हींत एका वेळी किती जोडण्या चालतील याचा मूळचा आकडा १५१ असतो. वर एक जागा कारभाऱ्यासाठी राखीव, म्हणजे सगळं भरलं तरी त्याला आत शिरून पाहता यावं. मी लॅपटॉपवर रूट, म्हणजे खुद्द कारभारी, त्यामुळे १५२ पर्यंत माझं निभावत होतं. पण एकटा मी, एक पान, तर दीडशे जोडण्या कुणाच्या? माझ्याच. पुस्तकातला ऑब्जेक्ट हा धडा वाचून मी प्रत्येक पुस्तकाचा एक ऑब्जेक्ट केला होता आणि प्रत्येकाला त्याची स्वतःची, स्वतंत्र, खासगी जोडणी दिली होती. ‘ययाती’ची वेगळी, ‘कोसला’ची वेगळी. पान तयार होईपर्यंत सगळ्या उघड्या.

“मामा, जोडणी एकदाच उघडायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची.”

हे तो ज्या सुरात म्हणाला, तो सूर मी त्याला लहानपणी पंख्याचं बटण बंद करायला सांगताना वापरायचो.

मग यादी लोकांना दिसावी म्हणून होस्टिंग घेतलं. स्वस्तातलं. एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवतात त्यातलं. इथून खरा खेळ सुरू झाला. मी विचार केला, कोड राहू दे लॅपटॉपवर, डेटाबेस तेवढा तिकडे ठेवू. बघता बघता दुरुस्त्या करता येतील. ओळीतलं लोकलहोस्ट काढून साइटचा पत्ता घातला. उत्तर आलं: ‘ॲक्सेस डिनाइड फॉर युजर’, मग माझ्या युजरचं नाव, मग अॅटचं चिन्ह, आणि पुढे आकड्यांचा एक लांबलचक पत्ता, जो मी जन्मात कधी लिहिला नव्हता. शेवटी: ‘युजिंग पासवर्ड: येस’.

पासवर्ड बरोबर आहे की चूक, त्याबद्दल चकार शब्द नाही. पासवर्ड दिला होता, एवढीच पोच.

तो लांबलचक पत्ता माझ्या घरच्या ब्रॉडबँडचा होता. मायएसक्यूएलचं हे वागणं एकदा ध्यानात आलं की बरंच उलगडतं. आमच्याकडे नवा माणूस भेटला की नुसतं नाव सांगून भागत नाही, ‘मूळ गाव कुठलं?’ हे पाठोपाठ येतं, आणि त्या उत्तरावर पुढचं बोलणं ठरतं. मायएसक्यूएलही नावाबरोबर गाव विचारतं. लोकलहोस्टवरून येणारा ‘ग्रंथ’ नावाचा माझा युजर आणि माझ्या घरून येणारा ‘ग्रंथ’, नाव तेच असलं तरी त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. एकाला हक्क दिले म्हणून दुसऱ्याला मिळत नाहीत, दुसऱ्याचा पासवर्डही वेगळा असू शकतो. युजर तयार करताना मी त्याचं गाव लोकलहोस्ट होऊ दिलं होतं आणि येत होतो वसईच्या माझ्या घरातून.

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बाहेरच्या पत्त्यांना परवानगी देण्याची सोय होती. तिथे मी घरचा आकडी पत्ता घातला. जोडणी झाली! बायकोला उठवून दाखवली. तिने पाहिली आणि ‘छान’ म्हणून झोपली. त्या रात्री जोराचा पाऊस झाला, वीज गेली, राउटर बंद पडला. सकाळी वीज आली, राउटरला नवा आकडी पत्ता मिळाला आणि मी पुन्हा परका झालो. घरगुती जोडणीचा पत्ता असा बदलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. वसईत पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे प्रसंग सांगायला नकोत.

“मामा, तू कोडच तिकडे टाक ना. आणि होस्टमध्ये लोकलहोस्ट लिही.”

“अरे, पण लोकलहोस्ट म्हणजे माझा लॅपटॉप.”

“लोकलहोस्ट म्हणजे तूच, मामा. म्हणजे कोड ज्या मशीनवर चालतो, ते मशीन. लॅपटॉपवर चालला तर लॅपटॉप, सर्व्हरवर चालला तर सर्व्हर.”

हे वाक्य पटायला मला वेळ लागला. मी तोवर लोकलहोस्ट हा गोरेगाव-मालाडच्या आसपासचा काहीतरी ठावठिकाणा धरून चाललो होतो, आणि आता तो माझ्याबरोबर हिंडतो असं कळलं. भाचा पुढे हेही म्हणाला, की लिनक्स सर्व्हरवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर जोडणी सॉकेट नावाच्या एका फाइलमधून जाते आणि त्याच मशीनचा आकडी पत्ता, १२७.०.०.१, लिहिला तर नेटवर्कच्या वाटेने जाते. कधी एक चालतं, कधी दुसरं. तो हिंजवडीत बसून हे सांगणार आणि मी वसईत ओळ बदलणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे शेळीचं वय अठ्ठावन्न होतं.

कोड तिकडे टाकला. आता पान पांढरं. एरर नाही, अक्षर नाही, काही नाही. होस्टिंगवर चुका लोकांना दिसू नयेत म्हणून दाखवणं बंद ठेवतात. चूक कोडमध्ये मात्र असतेच. ती लॉगच्या फाइलीत सापडली. पुन्हा ॲक्सेस डिनाइड. कारण या होस्टिंगमध्ये डेटाबेसच्या आणि युजरच्या नावाआधी खात्याचं नाव आणि खालची रेघ आपोआप लागते. मी डेटाबेसचं नाव ‘ग्रंथ’ ठेवलं तरी कागदोपत्री तो खात्याचं नाव लावूनच वावरतो. पूर्ण नाव लिहिलं, तरी डिनाइड. मग कळलं, डेटाबेस तयार करणं ही एक पायरी, युजर तयार करणं ही दुसरी, आणि त्या युजरला त्या डेटाबेसवर हक्क देणं ही तिसरी. मी दोन करून थांबलो होतो. डेटाबेस होता, युजर होता, ओळख करून दिली नव्हती.

तिसरी पायरी केली. तरी डिनाइड. पासवर्ड: येस.

यावेळी भाचासुद्धा गप्प झाला. त्याने पासवर्ड विचारला. होस्टिंगच्या फॉर्मला पासवर्डात एखादं चिन्ह हवंच असतं, म्हणून मी ग्रंथालय, मग डॉलरचं चिन्ह, मग वसई असा, सगळा इंग्रजी अक्षरांत, पासवर्ड ठेवला होता. ओळीत तो दुहेरी अवतरणात लिहिला होता. पीएचपीत दुहेरी अवतरणात डॉलरनंतर शब्द आला की ते व्हेरिएबलचं नाव समजलं जातं. पीएचपीने वसई नावाचं व्हेरिएबल शोधलं, मिळालं नाही, त्या जागी काहीच घातलं नाही आणि ‘ग्रंथालय’ एवढाच पासवर्ड पाठवून दिला. एकेरी अवतरण केलं, आणि जोडणी झाली. डॉलर दिसला की वसईचं नाव गळतं, हे आमच्या आळीतल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत मी पाहिलेलं आहे. माझ्या पासवर्डातही तेच होईल याची कल्पना नव्हती.

साइट उघडली. पुस्तकं दिसू लागली. अध्यक्षांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिली आणि मला फोन करून ‘आपल्या सर्वांचं यश’ म्हणाले.

पण पॅनेलमधून डेटाबेसच्या तक्त्यात डोकावलं, तर तिथे मराठी नव्हतंच. ‘मृत्युंजय’च्या जागी चिन्हांची रांग होती. पहिला ‘म’ पाहिला: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं एक गोल चिन्ह, मग कंपन्या नावापुढे लावतात तो वर्तुळातला आर. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मृत्युंजय’मध्ये ऋकार, उकार, अनुस्वार, हलन्त धरून अशी नऊ चिन्हं आहेत, म्हणजे सत्तावीस बाइट. माझा तक्ता लॅटिन-१ पद्धतीचा होता, तो एकेका बाइटला एकेक अक्षर समजत होता. आणि त्याची क्रमवारी होती स्वीडिश. मायएसक्यूएलची कंपनी स्वीडनची, म्हणून न सांगता तक्ता बनवला तर अनेक वर्षं स्वीडिश क्रम लागत असे. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत ते बदललं. आमच्या स्वस्त होस्टिंगवर आठवी आवृत्ती पोचायची होती. स्वीडिश वर्णमालेत झेडनंतर आणखी तीन अक्षरं येतात. वसईच्या वाचनालयातली पुस्तकं त्या शिस्तीने उभी होती आणि कार्यकारिणीला याचा पत्ता नव्हता.

पानावर ठीक दिसत होतं, कारण जोडणीही लॅटिन-१ धरूनच चालली होती. जसं घातलं तसं परत येत होतं. शहाण्या माणसाने आधी साठलेला माल सरळ केला असता. मी आधी जोडणीला सांगितलं, की आजपासून आपली भाषा यूटीएफ. त्याबरोबर पानावरची सगळी पुस्तकं त्या तिरक्या रेघेच्या ए-मध्ये बदलली, आणि त्या दिवशी नवी घातलेली पुस्तकं सगळी प्रश्नचिन्हं होऊन बसली. चिन्हांचं परत मराठी करता येतं. प्रश्नचिन्हांचं होत नाही, तिथे मूळ बाइट गेलेलेच असतात. ती पुस्तकं बाईंनी नोंदवहीतून पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता.

मग तक्ताही यूटीएफ-८ केला. म्हणजे यादीत ‘यूटीएफ-८’ नावाचं जे दिसलं ते निवडलं. मायएसक्यूएलमध्ये या नावाने जे मिळतं त्यात एका चिन्हाला फार तर तीन बाइट मावतात. चार बाइटांचं खरं यूटीएफ-८ हवं असेल तर त्याच्या नावापुढे ‘एमबी४’ असतं. ते २०१० पासून आहे. देवनागरीला तीन पुरतात, त्यामुळे मला काही खटकलं नाही. मी साइटवर अभिप्रायाची चौकटही ठेवली होती. अभिप्राय येऊ लागले. सगळे कोरे. नाव असायचं, तारीख असायची, मजकूर नसायचा. मला वाटलं, लोक शब्दांत सांगता येणार नाही इतके खूश आहेत.

एका सभासद ताईंनी फोन करून विचारलं, की दिवाळी अंकांबद्दल एवढं सविस्तर लिहिलं त्याचं काय झालं? सुरुवात कशाने केली होती, विचारलं. “हात जोडून,” त्या म्हणाल्या. नमस्काराच्या त्या इमोजीला चार बाइट लागतात. तीन बाइटांच्या तक्त्यात असं चिन्ह आलं की आमचा सर्व्हर तिथपासून पुढचा मजकूर मुकाट छाटून टाकत असे. ज्यांनी शेवटी हात जोडले त्यांचे अभिप्राय शाबूत राहिले असते. पण आमचे सभासद वळणाचे, सगळ्यांनी आधीच जोडले होते.

एवढ्यानंतर शोधाची सोय केली, तेव्हा पहिला शब्द काय टाकावा? आमच्या गावचा मान म्हणून मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो टाकले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ‘सुबोध बायबल’चे लेखक, वसईचे. परदेशातल्या वाचकांसाठी लेखकांची नावं इंग्रजीतही ठेवावीत असं सभेत ठरलं होतं, आणि इंग्रजीत त्यांच्या आडनावात डी-नंतर एक अवतरणचिन्ह येतं. एवढं एक चिन्ह, पण पान कोसळलं. डेटाबेस म्हणाला, तुमच्या वाक्यात व्याकरणाची चूक आहे, ‘ब्रिटो’च्या आसपास.

कारण मी शोधाचा शब्द थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवत होतो. त्या वाक्यात मजकूर अवतरणात असतो. नावातलं चिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं मजकूर संपला, आणि पुढचं ‘ब्रिटो’ ही आज्ञा. वसईत ही अडचण एका लेखकापुरती नाही. सभासदांत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा भरपूर. ज्यांच्या इंग्रजी नावात ते चिन्ह होतं, त्या कुणाचीच नोंदणी होत नव्हती. मी तोडगा काढला: चिन्ह गाळून टाइप करायचं. एका सभासदांनी हरकत घेतली, आधार कार्डावर आहे, पॅनवर आहे, तुमच्याकडेच का नाही? बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, “भाऊ, सभासदांची नावं बदलायचा अधिकार सहकार्यवाहांना घटनेत कुठे दिलाय?”

भाचा मात्र हसला नाही. पहिल्यांदाच त्याचा आवाज गंभीर झाला. “मामा, नाव अडलं हे नशीब समज. त्या चौकटीत कुणी मुद्दाम आज्ञा लिहिली तर डेटाबेस ती पाळेल. सभासदांचे फोन नंबर घेऊन जाईल.” त्याने प्रिपेअर्ड स्टेटमेंट शिकवलं. वाक्य आधी पाठवायचं, नाव यायच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह; नाव मागाहून वेगळं पाठवायचं. मग नावात काहीही असो, डेटाबेस ते नाव म्हणूनच घेतो. हे आधीच कुणी सांगायला हवं होतं असं मी म्हणालो. “तुझ्या पुस्तकात असेल,” तो म्हणाला. नव्हतं. मी पाहिलं.

त्याच फोनवर त्याने आमच्या साइटचा एक पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि माझा पासवर्ड मला वाचून दाखवला. जोडणीची ती ओळ इतक्या कष्टाने जमली होती, की विसरू नये म्हणून मी तिची एक प्रत साइटच्याच फोल्डरमध्ये टेक्स्ट फाइल करून ठेवली होती. पीएचपीची फाइल सर्व्हर चालवतो आणि फक्त निकाल पाठवतो. टेक्स्ट फाइल तो मागेल त्याला जशीच्या तशी देतो. मागणारा भाचा निघाला म्हणून बरं. ती फाइल उडवली, पासवर्ड बदलला. नव्यात डॉलर नाही.

गणपतीत भाचा घरी आला तेव्हा मोदक खाता खाता त्याने स्वतःचंही एक सांगितलं. त्यांच्या एका कामात रोज सकाळी पहिला माणूस साइट उघडायचा आणि त्यालाच एरर यायची, दुसऱ्यापासून सुरळीत. जाणती माणसं अनेक दिवस कोड चाळत होती. मायएसक्यूएल गप्प पडून असलेली जोडणी २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, स्वतःहून तोडतं. त्यांच्या प्रोग्रामने रात्रीच्या जोडण्या जपून ठेवलेल्या असत, पण त्या मेल्यात हे त्याला सकाळी पहिल्या माणसाच्या वेळी कळे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. मोठ्या पगाराची माणसंही त्याच ओळीपाशी अडकतात. मी त्याला आणखी दोन मोदक वाढले.

वाचनालयाची साइट आता चालू आहे. पुस्तक शोधता येतं, पण ते राखून ठेवण्याची सोय नाही. ती करावी असा ठराव मागच्या सभेत आला होता, त्या वेळी मी आजारी होतो. सभासदांनी आपलं नाव अवतरणचिन्हासकट खुशाल लिहावं. अभिप्रायात हात आधी जोडले तरी चालतील. यादीत दिसलेलं पुस्तक कपाटात मिळालं नाही, तर दाखल क्रमांक घेऊन बाईंकडे जावं. सहकार्यवाहांना फोन करू नये.